शिक्षकाच्या रिझ्युमेत पांढऱ्या अक्षरांत काय लपवताय?

"टीचिंग जॉबसाठी रिझ्युमेचे ५ गोल्डन रूल्स" असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. माझ्या भाचीने तो वाचून स्वतःचा बऱ्यापैकी चांगला रिझ्युमे बिघडवून ठेवला, म्हणून हे लिहितेय. मेसेजचं म्हणणं असं: रिझ्युमे फक्त ६ सेकंद बघतात, ७५ टक्के तर अर्ज चाळणारं सॉफ्टवेअरच बाद करतं, म्हणून जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत खाली पेस्ट करा (माणसाला दिसत नाहीत, सॉफ्टवेअर मात्र वाचतं), एकच पान, वर दमदार ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे करिअरचं ध्येय सांगणारी ओळ, आणि कुठलं स्किल किती टक्के ते दाखवणारे रंगीत पट्टे.

६ सेकंद हा आकडा हवेतला नाहीये, तेवढं मान्य. द लॅडर्स या अमेरिकन जॉब साइटने २०१२ मध्ये ३० रिक्रूटर्सची नजर कुठे जाते ते १० आठवडे टिपलं, त्यातला तो आहे. पण ते धंदेवाईक रिक्रूटर होते, मुख्याध्यापक नव्हेत, आणि ती पहिली चाळणी होती. २०१८ मध्ये त्यांनीच परत मोजलं तर ७.४ सेकंद निघाले. मेसेजवाल्याने गाळलेला भागच खरा कामाचा आहे: नजर मुख्यतः नाव, आत्ताची आणि आधीची नोकरी, तारखा आणि शिक्षण यावरच थांबत होती. म्हणजे शिक्षकाने विषय, कुठल्या इयत्ता, बी.एड. आणि कधीपासून कधीपर्यंत शिकवलं हे वरच्या अर्ध्या पानात साधं सरळ लिहावं, झालं.

आता ते पांढरं प्रकरण. ७५ टक्के हा आकडा रिझ्युमे सुधारून देण्याचाच धंदा करणाऱ्या एका कंपनीकडून पसरला, ती २०१३ मध्ये बंद पडली आणि त्यामागचा अभ्यास आजवर कुणाला सापडलेला नाही. बरं, सॉफ्टवेअर फाइलमधून नुसता मजकूर उचलतं, रंग-बिंग सगळं गळून पडतं, त्यामुळे तुमची लपवलेली अक्षरं समोरच्याच्या स्क्रीनवर चक्क काळी दिसू शकतात. भाचीच्या फाइलमध्ये सगळं सिलेक्ट केलं तर तळाशी "क्लासरूम मॅनेजमेंट इन्क्लुझिव्ह एज्युकेशन क्लासरूम मॅनेजमेंट" अशी माळच उमटली! उद्या जिला परीक्षेत कॉपी पकडायचीये तिच्याच रिझ्युमेत कॉपी, आणि हे म्हणे गोल्डन रूल. समजा नाही पकडलं कुणी, तरी इंटरव्ह्यूत विचारणारच ना, की इन्क्लुझिव्ह लिहिलंय तर हळू वाचणाऱ्या मुलासाठी पाठात काय बदललंत? तेव्हा काय पांढऱ्या अक्षरांत उत्तर देणार?

जाहिरातीतले शब्द वापरा यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. पण केलेल्या कामाला जोडून वापरा, आणि उघड. भाचीने लिहिलं होतं "आठवीला गणित शिकवलं". खोदून विचारल्यावर कळलं की अपूर्णांकांत अडकलेल्या मुलांचा तिने वेगळा गट केला होता, कागदाच्या घड्या घालून शिकवायची आणि दर आठवड्याला छोटी चाचणी घेऊन कोण कुठे अडलंय त्याची वही ठेवायची. अगं मग हे लिही ना! जाहिरातीत "मागे पडलेल्या मुलांसोबत काम" असं असेल तर हीच ओळ तिथे बसते, आणि डेमो लेसनलाही ती टिकते.

एकच पान? नुकतं बी.एड. झालेल्यांना पुरतं, तिथे सराव पाठ आणि इंटर्नशिप नीट लिहा. दहा वर्षं शिकवलेल्याने दोन पानं केली तर काही बिघडत नाही. ऑब्जेक्टिव्ह काढूनच टाका, "नामांकित संस्थेत माझ्या क्षमतांचा विकास" वगैरे वाचून शाळेला काय मिळणार, त्यापेक्षा काय आणि कुणाला शिकवता त्या दोन ओळी.

आणि रंगीत पट्टे. २०१८ च्याच पाहणीत दाटीवाटीचे, अनेक कॉलम पाडलेले रिझ्युमे मागे पडले होते, पण ते सोडा, "पेशन्स ८५ टक्के" हे मोजलं कुणी? उरलेल्या १५ टक्क्यांत वर्गात काय करता असं मुख्याध्यापकांनी विचारलं तर?