पुढच्या जन्मी कंदीलपुष्प की घूस?

पुढच्या जन्माचा अर्ज भरताना पुष्कळ जण हौसेने कंदीलपुष्पावर खूण करतात. सह्याद्रीतलं दुर्मीळ फूल, फोटोत देखणं. जरा थांबा, आधी कामाचं स्वरूप बघा.

वर्षातला बराच काळ कंद होऊन जमिनीत पडायचं. पावसाळ्यात गवतातून मान काढायची, पाकळ्यांची टोकं जुळवून कंदील टांगायचा आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची. मधमाशी चालत नाही, चिमुकली माशीच हवी. ती नळीत उतरते. आतले केस खाली वळलेले, त्यामुळे परतीची वाट बंद. परागांची इवलीशी पुडी तिच्या सोंडेला अडकते, केस कोमेजले की तिची सुटका. आता त्याच माशीने त्याच जातीच्या दुसऱ्या फुलात पुन्हा फसायचं. पठारावर दुसरं फूलच नसेल तर सगळा थाट फुकट. यातूनही शेंगांची जोडी धरलीच, तर बी म्हातारीसारखं वाऱ्यावर सोडायचं. पुढे ते आणि कातळ.

शिवाय तुमचा कंद चवदार. गुराखी उकरतो, रानडुक्कर उकरतं. चाहता उकरत नाही. तो फोटोत मागे काही येऊ नये म्हणून भोवतालचं गवत उपटतो, मग उघडा पडलेला वेल गुरांच्या तोंडी जातो. मान मात्र मोठा: तुम्ही फुलता ते कासचं पठार 2012मध्ये जागतिक वारशात गेलं.

शेतातल्या घुशीला असला मान नाही. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग, आत ओंब्यांचं कोठार. गर्भारपण तीनेक आठवड्यांचं, एका विणीत सहा-आठ पिल्लं सहज.

विषाची भीती? 96 भाग भरड धान्य, 2 भाग तेल, 2 भाग झिंक फॉस्फाइड हे आमिष जालीम खरं. पण शेतकऱ्याने आधी बिळं बुजवून कोणती पुन्हा उकरली जातात ते बघायचं असतं, मग दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवून घुशीला चटक लावायची असते. तेवढा धीर कोणाला? तो पहिल्याच दिवशी विष ठेवतो. तुम्ही चिमूटभर खाता, पोटात कळ येते, आणि पुढे त्या वासाकडे फिरकत नाही. ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या विषापासून मात्र जपा. ते काही दिवसांनी मारतं, त्यामुळे नेमकं काय बाधलं ते कळतच नाही.

अर्जात ‘गरजा’ असा रकाना आहे. घुशीने तिथे ‘मिळेल ते’ लिहावं. कंदीलपुष्पाने पुरवणी जोडावी.