डार्विनच्या ओढीबद्दल मी जे लिहिलं नव्हतं

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा धाकटा तारकर्लीला एकदा पाण्याखाली जाऊन आला, मग माझा गॅलापागोसचा लेख वाचून 'पुढच्या वर्षी डार्विन बेटावर जाणार' म्हणून घरात हट्ट धरून बसला. तुम्ही लिहिलंत, "पोरांना शार्कच्या तोंडी देऊ नका, आणि धोका लपवू नका." पहिलं मला पटत नाही. दुसरं खरं आहे.

शार्कचं आधी सांगतो. डार्विन आणि वुल्फ ही प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी, इक्वेडोरची निर्जन बेटं, तिथल्या मुख्य बेटांपासून बोटीने रात्रभराच्या वाटेवर. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथे हेक्टरी सरासरी साडेसतरा टन मासळी असल्याचं आढळलं, आणि त्यातला मोठा वाटा शार्कचा. पण हॅमरहेड (हातोड्यासारख्या डोक्याचा शार्क) इतका बुजरा, की आपल्या श्वासाच्या बुडबुड्यांनीही वळून जातो. माणसाकडून त्याला असलेला धोका कितीतरी मोठा आहे: ऑगस्ट 2017मध्ये गॅलापागोसच्या राखीव समुद्रात पकडलेल्या एकाच जहाजावर सहा हजारांहून अधिक मेलेले शार्क सापडले. आपल्याकडे मोरी (लहान शार्क) खातात म्हणून मी नाक मुरडत नाही, पण तो आकडा वाचून माझ्या पोटात गोळा आला होता.

खरी भीती पाण्याच्या ओढीची. हॅमरहेडचे थवे दिवसा बेटाच्या त्याच अंगाला जमतात जिथे प्रवाह येऊन आदळतो. म्हणजे ते बघायचे तर ओढीतच उतरायचं, हातमोजे घालून खडकाला धरून राहायचं आणि वाट बघायची. प्रवाह कड्यावर फुटला की कधी बाजूला पळतो, कधी सरळ खाली.

तिसऱ्या दिवशी बावीस मीटरवर माझा हात सुटला. वर जायला पाय मारत होतो आणि माझेच बुडबुडे माझ्या शेजारून खाली चालले होते. ते दृश्य मी अजून विसरलेलो नाही. शिकवलेलं आठवलं: ओढीशी झुंजायचं नाही, कड्यापासून लांब, उघड्या पाण्याकडे पोहायचं. ती सैल झाली तेव्हा डाइव्ह कॉम्प्युटर (खोली दाखवणारं यंत्र) एकतीस मीटर दाखवत होता आणि आजूबाजूला कोणीच नव्हतं. सावकाश वर आलो, सॉसेज (नारिंगी रंगाची, फुगवायची लांब नळी) उभी केली, शिट्टी वाजवत राहिलो. लाटांच्या पोटात गेलं की बोट दिसेनाशी व्हायची. तिने मला शोधेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली.

हे मी लेखात लिहिलं नव्हतं. घरचे वाचतील, घाबरतील, म्हणून गाळलं. त्यामुळे तुमच्या मुलाला फक्त थवे दिसले, ओढ दिसली नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

तारकर्लीला त्याने केलं ते छानच, पण तिथे प्रशिक्षक नवख्याला धरून नेतो. टाकी, हवा, खोली, सगळं तोच सांभाळतो. त्याला म्हणावं, आधी ओपन वॉटर कोर्स कर, त्यात अठरा मीटरपर्यंत जाता येतं. मग अॅडव्हान्स्ड, तीस मीटर. त्यानंतर ओढीच्या पाण्यात चांगल्या गाइडबरोबर पुष्कळ डाइव्ह. पन्नास डाइव्हच्या आत अनुभव असेल तर माझ्या मते त्याने डार्विनचा विचारही करू नये. पट्टीचा पोहणारा असला तरी. तिथून मदत तासन्‌तास लांब आहे.

जाऊच नको, असं मात्र मी त्याला सांगणार नाही. डोक्यावरून शंभरेक हॅमरहेड गेले तेव्हा मी श्वास रोखून धरला होता, जे डाइव्हरने कधीच करू नये, आणि तरी तो क्षण मला परत हवा आहे.

हात सुटल्याचा प्रसंग आज लेखात घातला आहे, अगदी सुरुवातीलाच. तो आधी त्याला वाचायला द्या. मग त्याला काही विचारायचं असेल तर इथेच लिहू दे, मी उत्तर देईन.