काठ मोकळा ठेवल्याने कुणाच्या पोटावर पाय येतो?

‘कास-बामणोलीच्या पाण्याकाठी बांधकामावर मर्यादा म्हणजे भूमिपुत्रांच्या पोटावर पाय. तलाव माणसाने बांधलेत, तिथं निसर्ग कसला? सेप्टिक टँक बांधला की प्रश्न मिटला. शिवाय कायदे आहेतच.’ हा मेसेज सध्या सातारकरांच्या ग्रुपवर जोरात फिरतोय. कास म्हणजे साताऱ्याजवळचा तलाव, आणि बामणोली हे कोयना जलाशयाच्या काठावरचं गाव.

आधी निसर्गाचं. मायणीचा तलावही माणसानेच बांधलेला, ब्रिटिश काळातला. तिथं रोहित (फ्लेमिंगो) उतरत आले, म्हणून 2021 मध्ये तो पक्षी संवर्धन राखीव झाला. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या चिखलात वंचक हा छोटा बगळा दबा धरून बसतो, धोबी पक्षी शेपटी हलवत किडे टिपतो. उथळ गवतात बेडकांची अंडी असतात, माशांची पिल्लं लपतात. याच पट्ट्यावर भराव टाकून संरक्षक भिंत घातली, की यातलं काहीही उरत नाही.

सेप्टिक टँकचा मुद्दा तर सरळ दिशाभूल करणारा आहे. टाकीत मैला खाली बसतो. वरचं पाणी शोषखड्ड्यात जातं आणि त्यातलं नायट्रोजन, फॉस्फरस बरंचसं तसंच राहतं. पुढचं काम मातीने करायचं. कासच्या माथ्यावर जांभा आहे, मातीचा थर पातळ. सच्छिद्र, भेगाळ दगडातून ते पाणी गाळलं न जाताच उतरतं. मग शेवाळ माजतं. आणि कासचं पाणी म्हणजे सातारा शहराचं पिण्याचं पाणी, उताराने शहरात येणारं! काठावरचं गवत-झाडोरा हा गाळ आणि सांडपाणी अडवणारा फुकटचा पट्टा आहे, तोच आपण खरवडतोय.

कायदे आहेत? 2017 च्या पाणथळ नियमांत कमाल पूररेषेच्या सरासरीपासून 50 मीटरपर्यंत पक्क्या बांधकामाला मनाई आहे खरी. पण पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले जलाशय त्या व्याख्येतूनच वगळलेत. म्हणूनच कास, कण्हेर, धोम अशा जलाशयांसाठी वेगळा नियम हवा.

राहिलं पोट. कासच्या पठारावर पर्यटकांची संख्या बांधून दिली, शुल्क लावलं. ते काम आसपासच्या गावांच्या समित्याच बघतात. मर्यादा आली म्हणून रोजगार बुडाला नाही.

कोयना धरणात ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांचं दुखणं मात्र खरं आहे. त्यांच्या गावठाणातल्या घराला आणि पाण्याला खेटून उभ्या राहणाऱ्या रिसॉर्टला एकच नियम नको, ही मागणी रास्त आहे, आणि ती आपण सगळ्यांनी लावून धरावी. मेसेजमध्ये मात्र तिचा उल्लेखच नाही. तो सरसकट सगळी मर्यादा उठवा म्हणतो.