आडनाव, नाव, वर्ष

प्रबंधाची सगळी प्रकरणं झाली, आता फक्त संदर्भसूची राहिलीय, असं मी घरी सांगितलं. आईने लगेच पेढ्यांचा विषय काढला. आईने पीएचडी केलेली नाही.

हल्ली हे काम सॉफ्टवेअर करतं. पुस्तकाची माहिती एकदा भरली की मजकुरातले कंस आणि शेवटची यादी ते आपोआप लावतं. फक्त प्रत्येक लेखकाला एकच नाव आणि एकच आडनाव असतं, यावर त्याची गाढ श्रद्धा. आणि माझा विषय मराठी साहित्य!

ग्रंथालयाच्या सूचीतून नोंद ओढली की नावातला शेवटचा शब्द हे आडनाव. त्यामुळे तुकाराम, एकनाथ, नामदेव सगळे 'महाराज' घराण्यात जाऊन बसले. '(महाराज, १९५०)' म्हणजे नेमके कोणते, ते विठ्ठलालाच ठाऊक.

राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावाने लिहीत, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम म्हणून. गडकरी-गोविंदाग्रज निदान 'ग'मध्ये शेजारी तरी आहेत. बाळकराम बिचारे पार 'ब'मध्ये एकटे. मालतीबाई बेडेकर माहेरच्या बाळूताई खरे, आणि लिहायच्या विभावरी शिरूरकर या नावाने. सॉफ्टवेअरच्या मते या तिघींची एकमेकींशी ओळखसुद्धा नाही.

जुन्या पुस्तकांवर नुसतं शके छापलेलं असतं. शके १८३२ तसंच भरलं, तर १९१०चं पुस्तक १८३२ मध्ये निघतं आणि लेखकाच्या जन्माआधीच त्याची दुसरी आवृत्ती बाजारात येते. म्हणून ७८ मिळवायचे; पुस्तक जानेवारी ते मार्चमधलं असेल तर ७९. मराठी घेतलं ते गणितापासून सुटका व्हावी म्हणून, हे इथे कोण ऐकतंय!

त्यात संदर्भ लिहिण्याच्या एपीए शैलीच्या सातव्या आवृत्तीने २०१९ मध्ये प्रकाशनाचं गावच काढून टाकलं. म्हणजे निम्म्या यादीतलं 'पुणे' गेलं. सदाशिव पेठेत ही बातमी अजून पोचलेली नसावी.

एवढं झाल्यावर सर म्हणाले, "अगं, एपीए नको, एमएलए शैलीत कर." मी त्यांच्यासमोरच एक क्लिक केलं आणि अख्खी यादी बदलली. सरांचा चेहरा पडला. त्यांच्या वेळी कार्डं लावण्यात मे महिन्याची सुट्टी जायची.

"तरी एकदा हाताने तपास," ते म्हणाले. मग चष्मा वर करून, "आणि हे एवढे महाराज कोण?"