कवच आहे म्हणे! आधी त्या माशाचं तोंड बघा

‘रेडटेल कॅटफिश आणि कासव एकाच टँकमध्ये ठेवा, फिल्टरची कटकट संपवा’ असं सांगणारी एक रील सध्या फिरतेय. मासा कासवाची घाण खातो, कवचामुळे कासवाला धोका नाही, मासा टँकपुरताच वाढतो, आणि जड झालाच तर दुकानदार परत घेतो, असे चार दावे. भाच्याने ती मला पाठवून ‘मामा, जोडी स्वस्तात मिळतेय, घेऊ का?’ असं विचारलं, म्हणून हा खटाटोप.

कवचाचा दावा सगळ्यात भन्नाट. हा मासा चावत बसत नाही, भक्ष्य पाण्यासकट ओढून अख्खं गिळतो. डोक्याच्या रुंदीएवढं तोंड, त्यामुळे दीड-दोन इंचांचं कासवाचं हिरवं पिल्लू त्यात सहज मावतं. टँकमधले गोटेसुद्धा गिळणारा प्राणी कवच बघून थांबेल होय? त्यात तो निशाचर. दिवे बंद झाले की हा शोधाला निघणार, आणि कासव तेव्हा तळाशी झोपलेलं. बरं, कासव मोठं असेल तर पाळी माशाची. त्याला खवले नाहीत, नुसती उघडी कातडी. लोंबणाऱ्या मिशा कासवाला खाऊच वाटतात. मिशा कुरतडलेला, अंगावर नखांचे ओरखडे आणि त्यांवर पांढरी बुरशी चढलेला मासा एकदा बघा, मग ‘दोस्ती’च्या रीली करा.

घाण खातो म्हणे. उरलेले दाणे तळातून उचलतो, तेवढं खरं, मान्य. पण कासवाची विष्ठा तो खात नाही, आणि जे खातो त्याची स्वतःची घाण पाण्यातच सोडतो. म्हणजे घाणीतून होणारा विषारी अमोनिया उलट वाढतोच. फिल्टर काढायचा सोडून आणखी मोठा बसवावा लागेल.

टँकपुरता वाढतो? अ‍ॅमेझॉन-ओरिनोको नद्यांतला हा मासा चार फुटांच्या वर जातो, वजन चाळीस किलोंच्या पुढे. कोंडला तर वाढ खुंटते, हे अर्धसत्य. पण ती खुंटलेली वाढ म्हणजे आजार. दीड फूट रुंदीच्या टँकमध्ये त्याला धड वळताही येत नाही.

रील ज्याबद्दल अवाक्षर काढत नाही ते कासवाचं: त्याला पाण्याबाहेर येऊन अंग शेकायला कोरडी जागा लागते, ऊन किंवा यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण देणारा) दिवा लागतो. नाहीतर कवच मऊ पडतं. आणि घरात लहान मूल असेल तर हेही वाचा. चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांची पाळण्यासाठी विक्री अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) 1975 मध्येच बंद केली, कारण ती हाताळून मुलांना साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंची लागण होत होती. निरोगी दिसणाऱ्या कासवातही हे जंतू असतात. आपल्याकडे विकली जातात ती नेमकी तसलीच पिल्लं, आणि टँकचं पाणी ओततात कुठे, तर स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये. ‘देशी कासव देतो’ म्हणणाऱ्याकडे तर फिरकूही नका. आपली पाठीवर ठिपके असलेली मऊ कवचाची कासवं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, पाळणं गुन्हा आहे.

राहिला दुकानदार. तीन इंचांचं पिल्लू विकणारा दोन फुटांचा मासा परत घेऊन ठेवणार कुठे? मग रात्री बादली घेऊन लोक जवळचं तळं गाठतात. उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडणारे सकर मासे (टँकची काच चाटणारे) मूळचे टँकमधलेच.