छप्पर घोड्यांसाठी नव्हतं

अमेरिकेतल्या कॉर्निश-विंडसर या छपराच्या लाकडी पुलाचा फोटो पुन्हा फिरतोय. खाली मजकूर: "घोडे नदीला बिचकू नयेत आणि आत बर्फ साचू नये म्हणून पुलावर चक्क घर बांधलं. 1866 पासून एक खिळाही बदललेला नाही. नाहीतर आपले पूल!"

फोटो तेवढा खरा आहे.

आधी बर्फ. त्या काळी हिवाळ्यात तिकडे चाकांऐवजी घसरगाड्या चालत, आणि कोरड्या फळ्यांवर त्या ओढताना घोड्यांचा जीव निघे. म्हणून गावोगावी माणसं फावड्यानं बर्फ पुलाच्या आत आणून पसरत. छप्पर ही त्या बाबतीत अडचणच होती.

घोडे आडोशाला शांत राहत असतील, पण तेवढ्यासाठी कोणी साडेचारशे फूट लांब पुलावर छप्पर घालत नाही. पूल पेलतात त्या दोन्ही बाजूंच्या लाकडी कैच्या, म्हणजे वजन तोलणारे सांगाडे. इथली कैची इथिएल टाउन या वास्तुविशारदाच्या 1820 च्या पेटंटची: तिरक्या तुळयांची जाळी, जागोजागी सांधे. सांध्यात पाणी मुरलं की लाकूड आतून कुजतं. कोकणात झड लागू नये म्हणून पडवीला झाप बांधतात, त्यातलाच प्रकार. फिलाडेल्फियात 1805 साली पूल झाकला गेला, तेव्हा तो बांधणारा टिमथी पामर हेच सांगत होता, की झाकला तर तीस-चाळीस वर्षं टिकेल. आणि कॉर्निशच्या पुलावर आजही पाटी आहे, घोडे दौडवू नका, चालत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. म्हणजे काळजी होती ती घोड्यांपासून पुलाची!

'एक खिळाही' तर निव्वळ थाप. 1987 ते 89 या काळात पूल बंद ठेवून मोठी दुरुस्ती झाली, फळ्या एकमेकींना चिकटवून केलेल्या नव्या जाड तुळया बसवल्या. त्यामुळे पूल खोटा ठरत नाही. लाकडी पूल असेच जगतात. शिवाय छप्पर पावसाला अडवतं, पुराला नाही. याच जागेवरचे आधीचे तीन पूल पुरांनी नेले. न्यूयॉर्क राज्यातला 1855 चा ब्लेनहाइम पूल 2011 मध्ये आयरीन वादळाच्या पुरात गेला, तोही छपरासकट.

राहता राहिलं 'नाहीतर आपले पूल'. हा पूल एका खासगी कंपनीनं बांधला होता, आणि त्यावर 1943 पर्यंत टोल होता.