बंपरवरची तांबडी माती

माझ्या गाडीच्या पुढच्या बंपरवरील ओरखड्यात ‘तांबड्या रंगाचे, जांभा दगडाशी साम्य असणारे कण’ आढळल्यामुळे हा ओरखडा दुसऱ्या वाहनाच्या धडकेने पडलेला नसून गाडी एखाद्या गडग्याला, म्हणजे जांभ्याच्या कुंपणभिंतीला, घासल्याने पडलेला असावा, असे विमा कंपनीने मला लेखी कळवले आहे. कळवणारे अधिकारी कोणत्या शहरात बसतात ते पत्रावरून समजत नाही. पण मे महिन्यात ते कधी मालवणात आलेले नसावेत, एवढे नक्की समजते. मे महिन्यात आमच्याकडे तांबडे कण दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर असतात, पंख्याच्या पात्यांवर असतात, चष्म्याच्या काचेवर असतात आणि बाहेरून येऊन तोंड पुसले की टॉवेलवरही असतात. कंपनीचा न्याय लावायचा तर मी, माझा चष्मा आणि माझे बँकेचे पासबुक हे तिघेही केव्हा ना केव्हा गडग्याला घासलेलो आहोत.

घडले ते थोडक्यात असे. मे अखेरचा रविवार होता, पर्यटकांच्या गाड्यांनी बाजारपेठेतला तो मुळातच अरुंद रस्ता पार बुजवून टाकला होता, आणि माझी गाडी एका जुन्या घराच्या गडग्याला पाठ लावून, तोंड रस्त्याकडे करून, इंजिन बंद व हँडब्रेक ओढलेल्या स्थितीत उभी होती. मी समोरच्या दुकानात कोकमे घेत होतो. कोल्हापूर पासिंगची एक भलीमोठी गाडी मागे मागे येत राहिली आणि ‘खाड्’ असा आवाज झाल्यावर थांबली. मी पिशवी तशीच टाकून बाहेर आलो, तेव्हा त्या गाडीच्या मागच्या बाजूस बसवलेला लोखंडी गार्ड माझ्या बंपरात शिरलेला होता. असले गार्ड बेकायदा असल्याचे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०१७ सालच्या डिसेंबरातच राज्यांना कळवलेले आहे. त्यामुळे मालवणात ते दर चौथ्या गाडीला दिसतात. गार्डावर अर्थातच एक चराही उमटला नव्हता.

पाहुण्यांनी आधी मोठ्या अदबीने ‘काय खर्च हुईल त्यो देतो’ असे सांगितले. मग त्यांनी मेव्हण्याला फोन लावला. हा मेव्हणा कोण, कुठला, त्याचा वाहतुकीशी संबंध काय, हे मला आजतागायत कळलेले नाही. पण फोन संपला तेव्हा पाहुण्यांचा सूर पालटलेला होता आणि माझी गाडी पांढऱ्या पट्टीच्या बाहेर उभी होती, असा मुद्दा उपस्थित झालेला होता. त्या रस्त्यावर पांढरी पट्टी नाही. पिवळीही नाही. रस्त्याच्या कडेला गटार आहे आणि गटाराच्या कडेला आम्ही आहोत. त्यानंतर त्यांनी वाकून बंपराकडे पाहिले व ‘आवो, ही तर जुनीच घासलीया’ असे निदान केले. साक्षीदाराची गरज निर्माण झाली ती या क्षणी, आणि साक्षीदार तर समोरच्याच ओट्यावर बसलेला होता.

आबांविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. आबा रोज सकाळी नऊ वाजता त्या ओट्यावर येऊन बसतात आणि जेवणवेळेपर्यंत उठत नाहीत. त्यांचा व्यवसाय विचाराल तर शेती. पण आयुष्यभर त्यांनी मनापासून काही केले असेल तर ती कोर्टकचेरी होय. शेजाऱ्याने सामाईक गडगा वीतभर आत सरकवला, या कारणावरून त्यांच्या तरुणपणी सुरू झालेला दिवाणी दावा अजून चालू आहे. दाव्याच्या मुळाशी गडग्यालगतचा एक फणस होता. २०२१ सालच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले त्यात तो फणस उन्मळून पडला, आणि आबांच्या हितचिंतकांना वाटले की आता तरी हे प्रकरण मिटेल. मिटले नाही. फणस उभा असताना तो कोणाचा हा प्रश्न होता. पडल्यावर लाकूड कोणाचे हा नवा प्रश्न उपस्थित झाला, आणि आबा दुप्पट उत्साहाने तारखांना जाऊ लागले. असा अनुभवी साक्षीदार लाभावा, हे मी तेव्हा माझे भाग्य समजलो.

“आबानू, तुम्ही पाहिलंत ना सगळं?” मी विचारले.

आबांनी लगेच उत्तर दिले नाही. अनुभवी साक्षीदार लगेच उत्तर देत नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि छत्रीच्या टोकाने गटारापासून माझ्या पुढच्या चाकापर्यंतचे अंतर मोजायला सुरुवात केली. ते पावणेदोन छत्र्या भरले. मग पाहुण्यांच्या गाडीपासून समोरच्या ओट्यापर्यंतचे मोजले. कोणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी नकाशा काढला. त्यात माझी गाडी एक चौकोन होती, पाहुण्यांची त्याहून मोठा चौकोन होती, आणि ओट्यावरचे आबा मात्र चष्म्यासकट, हुबेहूब आले होते. एव्हाना मागे गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते, आणि रांगेतले काही जण खाली उतरून नकाशात दुरुस्त्या सुचवत होते.

“हंय गाडी किती वर्सा लावतस?” आबांनी मला विचारले.

मी म्हटले, केव्हापासून ते सांगता येणार नाही, पण बाजारात आलो की इथेच लावतो.

“बारा वर्सा झाली?”

प्रश्नाचा रोख माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे, अखंड आणि मालकाच्या विरोधात बारा वर्षे ताबा राहिला तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार मालकाचा दावा बुडतो, हे आबांना तोंडपाठ आहे. आणि बारा जमली नाहीत तर वीस वर्षांच्या वहिवाटीने येण्याजाण्याचा हक्क तरी मिळतो, हा १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचा आधार त्यांनी राखून ठेवला होता. माझी गाडी आठ वर्षांची आहे, असे मी सांगताच त्यांचा चेहरा पडला. आधीच्या गाडीची वर्षे यात मिळवता येतील का, यावर ते बराच वेळ विचार करत राहिले. पाहुण्यांना ही भाषा उमगत नव्हती, तरी प्रकरण जमिनीचे होत चालले आहे एवढे त्यांच्या लक्षात आले असावे, कारण त्यांनी पुन्हा मेव्हण्याला फोन लावला.

“आबानू, जागा राहू दे. धडक कोणी दिली तेवढं सांगा.”

मग आबांनी जबानी दिली. तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. कोपऱ्यावर मासे विकणारी बाई बांगड्यांचे वाटे लावत होती. १ जूनपासून मासेमारीबंदी असल्यामुळे भाव चढलेला होता, आणि तरीही एका गिऱ्हाइकाला तिने वाट्यात एक बांगडा जास्त घातला. का घातला, हा आबांच्या मते चौकशीचा विषय होता. मी कोकमे घ्यायला गेलो तेव्हा माझ्या उजव्या हातात पिशवी होती आणि पिशवीचा एक बंद तुटलेला होता. पाहुण्यांच्या गाडीत पुढे दोघे व मागे तिघे होते, त्यांपैकी एक मूल रडत होते. हे सगळे तंतोतंत खरे होते. मी मनोमन हात जोडले. पाहुणेही गप्प झाले.

“आणि मग?”

“मगे आवाज झालो. मी वळान बघलंय, तर गाडी लागलेली.”

“म्हणजे लागताना…”

“मी सगळा बघलंय,” आबा गंभीरपणे म्हणाले, “पण ठोकर बघूक नाय.”

ते त्या जादा बांगड्याकडे पाहत होते.

तरीही त्यांनी निवाडा दिलाच: आठ आणे दोष पाहुण्यांचा, आठ आणे माझा. माझी गाडी उभी होती, बंद होती आणि तिच्यात कोणी नव्हते, हे मी कळवळून सांगितले. त्यावर, गाडी तिथे नसती तर लागली असती काय, असा उलटा प्रश्न त्यांनी केला, आणि रांगेतल्या लोकांनी माना डोलावल्या. तो प्रश्न मला अजून झोंबतो. घरी असतो तर वाचलो असतो, हे पायावर फांदी पडलेल्या माणसाला ऐकवणारी जमात आमच्याकडे पुष्कळ आहे. पण तिला आपल्याच खर्चाने न्यायाधीश नेमण्याचा प्रसंग माझ्यावर प्रथमच आला. निदान झाले तेवढे लिहून सही तरी द्या, अशी विनंती मी केली. आबा दोन पावले मागे सरले. “सही केलंय काय कोर्टात जावचा लागता,” ते म्हणाले. ज्या गृहस्थाने उभे आयुष्य कोर्टात काढले त्याने हे म्हणावे, याचे मला आश्चर्य वाटले. पण स्वतःच्या तारखेला जाणे हा छंद आणि दुसऱ्याच्या तारखेला जाणे हा त्रास, हा भेद त्यांच्या मनात स्वच्छ होता.

पोलिसांनी ‘कोणाला लागले आहे का’ असे विचारले आणि नाही म्हटल्यावर ‘आपसात मिटवा’ असे सांगितले. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून खाजगी गाडीने केलेल्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत भरपाई मिळू शकते, हे मला माहीत होते, पण ती मागायची तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे आमच्या बाबतीत ओरोसला, अर्ज करायचा, वकील करायचा, आणि आबांच्या पंथाला लागायचे. एका बंपरासाठी हे कोणी करत नाही, हे पाहुण्यांना माहीत होते, त्यांच्या मेव्हण्याला तर नक्कीच माहीत होते. म्हणून मी माझ्याच विम्यातून दावा केला.

कंपनीने पाहणीसाठी एक तरुण पाठवला. मुलगा सौजन्यशील होता, चहाला नको म्हणाला, बंपराचे सर्व कोनांतून फोटो घेतले, आणि ओरखड्यावरून बोट फिरवून ते माझ्यासमोर धरले. बोट तांबडे झाले होते. “सर, हा जांभ्याचा रंग आहे,” तो म्हणाला. मी त्याला म्हटले की बाबा रे, गाडीचे छप्पर पुसून बघ, तेही तांबडेच निघेल. त्याने पुसले. निघाले. त्याने त्याचाही फोटो काढला, पण तो अहवालात कुठेच नाही. गडग्याकडे गाडीची पाठ होती आणि मार पुढच्या बंपराला बसला आहे, तेव्हा गाडी स्वतःच्या पाठीमागच्या गडग्यावर तोंड कसे आपटेल, हेही मी विचारले. त्यावर, गडगे सगळीकडेच असतात, असे त्याचे उत्तर होते, आणि कोकणापुरते ते खोटे म्हणता येणार नाही.

मग मी कागद घेऊन हिशेब केला, आणि खरा संताप तिथे आला. गॅरेजवाल्याचा अंदाज ९,६०० रुपयांचा होता: बंपर ५,२००, रंगकाम ३,२००, मजुरी १,२००. बंपर प्लॅस्टिकचा, म्हणून झिजेपोटी पन्नास टक्के कापतात. तिथे २,६०० गेले. रंगकामाच्या बिलातला पाव भाग रंगसामानाचा धरतात आणि त्यावर पन्नास टक्के झीज, म्हणजे आणखी ४०० गेले. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीने स्वतः सोसायचे असतात. राहिले ५,६००. आता पाच वर्षांहून अधिक काळ दावा न केल्यामुळे मला नो क्लेम बोनसची पन्नास टक्के सूट मिळते. दावा मंजूर झाला की ती शून्यावर येते आणि मग वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस अशा पायऱ्या चढत पुन्हा पन्नासावर जायचे. गाडीच्या नुकसानीपुरता माझा मूळ हप्ता ८,००० रुपयांचा आहे. तो तेवढाच राहील असे धरले तरी या चढणीत माझे बरोबर १०,००० रुपये जातात. म्हणजे दुसऱ्याच्या बेकायदा लोखंडाने माझा बंपर फोडला, त्याबद्दल ५,६०० रुपये मिळवण्यासाठी मी १०,००० मोजायचे, आणि तेही कंपनीने गडग्याचा आरोप मागे घेतला तर. विमा नेमका कोणाचा उतरवला जातो, माझा की कंपनीचा, असा प्रश्न मी त्यांच्या मदतक्रमांकावर विचारला. मला सनई ऐकवण्यात आली.

मी दावा मागे घेतला. बंपर गॅरेजवाल्याने तापवून बाहेर काढला, लांबी भरली आणि रंगवला. रंग किंचित वेगळा दिसतो, पण पंधरा दिवसांत सगळी गाडी एकाच रंगाची होईल, असे तो म्हणाला, आणि झाली.

परवा नूतनीकरणाची नोटीस आली. तिच्यात नो क्लेम बोनस शून्य टक्के लिहिलेला आहे. दावा दिलाच गेला नाही तर सूट जाण्याचे कारण काय, असे मी विचारले. दावा नोंदवला गेला होता, असे उत्तर आले. तो मागे घेतला आहे, असे मी कळवले. तर मग सदर तारखेच्या घटनेबाबत मला कोणतीही भरपाई मिळालेली नाही आणि माझी कोणतीही मागणी उरलेली नाही, असे प्रतिज्ञापत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांसह सादर करा, असे त्यांनी सांगितले. स्टॅम्प पेपर शंभराचा मिळेल या समजुतीने मी गेलो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून तो पाचशेचा झालेला आहे. मजकूर टाइप करून घेतला, एक सही शेजाऱ्यांची मिळाली, आणि दुसरीसाठी मी, फारशी आशा न धरता, ओट्याकडे गेलो.

आबांनी कागद दोनदा वाचला. काही मिळाले नाही, काही मागायचे नाही, पुढे काही चालू नाही, हे तीन वेळा विचारून खात्री करून घेतली. मग माझ्याच खिशातले पेन काढून त्यांनी ठसठशीत सही केली, खाली तारीख घातली, आणि म्हणाले, “असा काय असात तर कधीय घेवन ये.”